वजनकाटा, कोवळी हाडं आणि स्त्रियांचं फिगर स्केटिंग

रानजाई

हा धागा काढू की नको यात दोन महिने गेले. निमित्त माझ्या भाचीचं. 2014 च्या सोची ऑलिम्पिकमधलं युलिया लिपनित्स्कायाचं लाल कोटातलं स्केटिंग मी तिला दाखवत होते. पंधरा वर्षांची मुलगी, पाय थेट डोक्याच्या वर, आणि तशीच भिंगरीसारखी फिरते आहे. भाचीचा श्वास अडकला होता. मग तिने विचारलं, "मावशी, ही आता कुठे खेळते?"

मला सांगावं लागलं की ती खेळत नाही. 2017 मध्ये, एकोणीस वर्षांची असताना तिने खेळ सोडल्याचं जाहीर झालं. अ‍ॅनोरेक्सियावर, म्हणजे जेवण टाकायला लावणाऱ्या मानसिक आजारावर, तिला रुग्णालयात उपचार घ्यावे लागले होते. भाची थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "मग आधी तिला कुणी काही विचारलं नाही का?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण 2014 मध्ये मीही तोंडभरून म्हणाले होते, काय चवळीच्या शेंगेसारखी आहे पोर!

वीसेक वर्षं मी हा खेळ न चुकता पाहते. ग्रेसी गोल्ड 2014 आणि 2016 ची अमेरिकन विजेती. 2017 मध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारावरच्या उपचारांसाठी ती बर्फावरून उतरली आणि 2018 चं ऑलिम्पिक हुकलं. जपानची अकिको सुझुकी अठराव्या वर्षी याच आजारात सापडली, अख्खा मोसम घरी बसली. ही नावं आपल्याला कळली ती त्या स्वतः बोलल्या म्हणून. न बोललेल्या किती असतील?

मला चर्चा हवी आहे ती एकाच गोष्टीवर. या खेळात वजनाच्या नावाखाली नेमकं काय कमी केलं जातं, आणि त्याने खरंच खेळ सुधारतो का?

एक कळकळीची विनंती. कुणीही कुणाच्याही वजनाचा आकडा इथे लिहू नका. बारा-तेरा वर्षांच्या मुली असे धागे वाचतात आणि त्यातून फक्त आकडा उचलतात.

शून्यप्रहर

विषय महत्त्वाचा आहे, पण भावनेपलीकडे पाहायला हवं. प्रत्येक खेळ शरीर निवडतो. बास्केटबॉलमध्ये उंच माणसं दिसतात, त्याबद्दल आपण तक्रार करत नाही. फिगर स्केटिंगमध्ये लुट्झ या उडीला हवेत तीन फेऱ्या मारल्या (ट्रिपल) तर 5.9 मूळ गुण आहेत आणि चार मारल्या (क्वाड) तर 11.5. हा फरक नुसत्या सौंदर्याने भरून निघत नाही. 2022 च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये रशियाच्या श्चेरबाकोवाला सुवर्ण आणि पाच क्वाड मारणाऱ्या, रशियाच्याच त्रुसोवाला रौप्य मिळालं. दोघी सतरा वर्षांच्या, दोघी सडपातळ. शरीर हलकं असेल तर उडी सोपी जाते हे भौतिकशास्त्र आहे. ते नाकारून मुलींचं भलं होणार नाही.

टिटवी

रानजाई, आकडे न लिहिण्याच्या विनंतीला पूर्ण पाठिंबा. वाचते आहे.

लंबक

शून्यप्रहर, तुम्ही भौतिकशास्त्राचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी तोच विषय शिकवतो. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि घोटाळा उरलेल्या अर्ध्यात होतो.

हलकं शरीर हवेत जास्त वेळ तरंगत नाही. पिसाला हवा अडवते, माणसाला इतक्या कमी वेगात जवळजवळ अडवत नाही. हवेतला वेळ ठरतो तो बर्फ सोडतानाच्या वरच्या दिशेच्या वेगावर. चाळीस सेंटीमीटर उंच उडी मारली की 0.57 सेकंद मिळतात, मग उडी मारणारी कितीही वजनाची असो. हा वेग देतात मांडीचे, नितंबाचे आणि पोटरीचे स्नायू. उपाशी राहून वजन उतरवलं की चरबीबरोबर हे स्नायूही उतरतात. म्हणजे वेळ वाढायच्या ऐवजी घटतो.

आता फिरण्याचं पाहू. एवढ्या वेळात तीन-चार फेऱ्या बसवायच्या तर सेकंदाला पाचेक फेऱ्यांचा वेग लागतो. त्यासाठी शरीराचं जडत्व-आघूर्ण, म्हणजे फिरण्याला होणारा विरोध, कमी हवं. त्यात वस्तुमान साधं येतं, पण अक्षापासूनचं अंतर वर्गाने येतं. म्हणून हात छातीशी घट्ट घेतले की वेग एकदम वाढतो. म्हणूनच खांद्यांची आणि कमरेची रुंदी इतकी महत्त्वाची ठरते. आणि रुंदी हाडांची असते. ती डाएटने कमी होत नाही.

मुलगी वयात आली की कंबर रुंदावते, उंची वाढते, वस्तुमान अक्षापासून लांब जातं. क्वाड अवघड होते ती इथे. त्यामुळे कोच "वजन कमी कर" म्हणतो तेव्हा त्याला मनातून हवी असते अजून वयात न आलेली मुलगी. काट्यावर ते दिसत नाही एवढंच.

रानजाई

लंबक, तुमचं शेवटचं वाक्य तीन वेळा वाचलं. मला इतके दिवस जे नीट मांडता येत नव्हतं ते हेच. वजन उतरवण्याचं नुसतं नाव आहे, रोखलं जातंय ते वय.

जपानच्या मिकी अँडोचं उदाहरण आठवलं. 2002 मध्ये चौदाव्या वर्षी तिने स्पर्धेत क्वाड साल्चो (उडीचाच एक प्रकार) मारली. असं करणारी ती जगातली पहिली स्त्री. पुढे मोठी होत गेली तशी ती उडी मागे पडली. पण ती 2007 आणि 2011 ला जगज्जेती झाली. मोठी झाल्यावर ती कमी पडली असं कोण म्हणेल? तिचा खेळ वेगळा झाला.

आणि जपानचीच मिदोरी इतो! 1988 मध्ये स्पर्धेत साडेतीन फेऱ्यांची ट्रिपल अ‍ॅक्सल मारणारी पहिली स्त्री, 1989 ची जगज्जेती. बुटकी, भरीव मांड्यांची, आणि उडी अशी की कठड्यापलीकडच्या माणसाने मान वर करावी. तिला 'परी' कुणीच म्हटलं नसेल. ती जमीन सोडायची ती ताकदीवर.

तळ्याकाठी

दोन दिवस वाचून मग लिहिते आहे. माझी मुलगी सहाव्या वर्षापासून बर्फावर आहे, आता पंधरा पूर्ण. क्लबचं, गावाचं नाव लिहिणार नाही.

दर सोमवारी सरावाआधी वजन व्हायचं. सगळ्यांसमोर. भिंतीवर तक्ता होता, त्यात नाव आणि मागच्या आठवड्यापेक्षा बाण वर की खाली एवढंच लिहायचे. मला ते शिस्तीचं वाटलं होतं. मागच्या वर्षी तिची उंची भराभर वाढली, उड्या बिघडल्या, बाण वर गेले. मग ती आमच्याबरोबर जेवायला बसेनाशी झाली. "रिंकवर खाल्लं" म्हणायची. चार महिन्यांत बाण खाली आले आणि एक दिवस कोच मला दारात म्हणाले, "आता कशी सुटतेय बघा उडी!" खरंच सुटत होती. दोन महिने. मी घरी येऊन तिला मिठी मारली होती. ती मिठी मला आज आठवली की झोप लागत नाही.

मग पाऊल दुखायला लागलं. आधी फक्त उतरताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही. एमआरआयमध्ये पावलाच्या लांब हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पायाचा विचारला नाही. "पाळी नियमित आहे का?" असं विचारलं. पाच महिने आली नव्हती. मला माहीत होतं. कोचनी सांगितलं होतं की खेळाडू मुलींचं असं होतंच, उलट सराव जोरात चाललाय याची खूण आहे. मी विश्वास ठेवला.

शून्यप्रहर, हे तुमच्यावर रागावून लिहिलेलं नाही. तुम्ही म्हणता तेच मीही वर्षभर म्हणत होते.

शून्यप्रहर

तळ्याकाठी, तुमचं वाचून वाईट वाटलं. मुलगी लवकर बरी होवो. बास्केटबॉलची उपमा मी मागे घेतो. उंच माणूस उंच राहण्यासाठी स्वतःला आजारी पाडत नाही.

अश्वत्थ

मी हाडांचा डॉक्टर आहे, बरेच खेळाडू तपासतो. तळ्याकाठी, तुमच्या डॉक्टरांनी योग्य प्रश्न योग्य वेळी विचारला. पाळी थांबणं ही जोरदार सरावाची खूण नव्हे. शरीराला मिळणारी ऊर्जा पुरत नाही म्हणून त्याने एक खातं बंद केलंय, असा तो निरोप असतो. हे वाक्य प्रत्येक रिंकच्या कपडे बदलायच्या खोलीत लावावं असं मला फार वाटतं.

शरीराचं गणित असं चालतं. दिवसभरात खाल्लेल्या ऊर्जेतून सरावात जळालेली वजा करा. उरलेल्यावर हृदय, मेंदू, हाडांची झीज भरणं, वाढ, पाळी हे सगळं चालवायचं असतं. चरबी सोडून उरलेल्या शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे 45 किलोकॅलरी शिल्लक राहिल्या तर तरुण मुलीचं शरीर नीट चालतं. तीच शिल्लक 30 च्या खाली गेली तर बहुतेकींच्या बाबतीत बिघाड सुरू होतो, काहींचा त्याआधीही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या स्थितीला रेड-एस (खेळातली सापेक्ष ऊर्जा-तूट) असं नाव दिलं, 2023 मध्ये त्यावरची भूमिका पुन्हा सुधारून मांडली. त्याआधी 'स्त्री-खेळाडूंची त्रयी' म्हणत: अपुरी ऊर्जा, थांबलेली पाळी, ठिसूळ हाडं.

मुद्दाम लक्षात ठेवा, यासाठी मुलगी हडकुळी दिसायलाच हवी असं नाही. शरीर खर्च आवरतं, वजन एका जागी थांबतं, आणि काटा म्हणतो सगळं ठीक. आत हाड पोखरत असतं.

हाडांबद्दल थोडं अधिक, कारण नुकसान सगळ्यात जास्त तिथेच राहून जातं. माणूस आयुष्यभर जी हाडाची पुंजी वापरतो तिचा सुमारे नव्वद टक्के भाग अठरा-वीस वयापर्यंत साठतो. त्यात सगळ्यात मोठी भर पडते ती पाळी सुरू होण्याच्या आगेमागे. नेमक्या त्याच वर्षांत या मुलींना अर्धपोटी ठेवलं जातं. इस्ट्रोजेन कमी, म्हणून हाड कमी साठतं. आणि त्याच हाडावर रोज कित्येक उड्या, एकाच पायावर, ताठर बुटात घोटा फारसा वाकत नाही अशा स्थितीत. उतरताना शरीराच्या वजनाच्या पाच पटींहून जास्त जोर एका पावलावर येतो. पाऊल, नडगी, कंबरेचे मणके, हे सगळे मग बोलायला लागतात.

आणखी एक. काही ठिकाणी पाळी 'आणण्यासाठी' गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्याने रक्तस्राव होतो, सगळ्यांना हायसं वाटतं, पण मूळ तूट तशीच राहते आणि धोक्याची घंटा मात्र बंद पडते. पंधरा पूर्ण होऊनही पाळी सुरू झाली नसेल, किंवा सलग तीन महिने आली नसेल, तर कोचला नव्हे, डॉक्टरला विचारा.

तळ्याकाठी

गोळ्यांबद्दल आम्हालाही सुचवलं होतं. क्लबमधल्याच एका पालकांनी. घेतल्या नाहीत, नशीब.

आतली धार

मी स्वतः स्केटिंग करायचे, आता लहान मुलींना शिकवते. वरचं सगळं वाचून माझ्या कोचची फार आठवण झाली.

चौदाव्या वर्षी एका वर्षात मी सात सेंटीमीटर वाढले. सगळ्या ट्रिपल उड्या गेल्या. अक्षरशः कुणी चोरून नेल्यासारख्या. हवेत आपण कुठे आहोत हेच कळेना. माझ्या कोचनी काटा आणला नाही. त्या म्हणाल्या, "तुझं घर बदललंय. अंधारात दिव्याचं बटण सापडायला वेळ लागेल." तो मोसम आम्ही सिंगल आणि डबल उड्यांवर काढला, उरलेला वेळ धारांवर, म्हणजे स्केटच्या पात्याच्या कडांवर. आतली धार, बाहेरची धार, वळणं, लांब सरकणं. बर्फाबाहेर स्क्वॉट आणि एका पायावरच्या उड्या. सोळाव्या वर्षी चार ट्रिपल परत आल्या, आणि आधीपेक्षा उंच. पाचवी कधीच आली नाही. त्याचं दुःख झालं, खोटं कशाला सांगू. पण माझे गुडघे आणि कंबर आजही शाबूत आहेत आणि मी रोज चार तास बर्फावर उभी असते.

लंबक म्हणतात ते शिकवताना मला रोज दिसतं. उडी जाते ती शरीर जड झालं म्हणून क्वचित. जास्त वेळा ती जाते ती शरीर नवं झालं म्हणून. नव्या शरीरात वेळेचं गणित पुन्हा बसवायला एखादं वर्ष लागतं. ते वर्ष द्यायला कुणी तयार नसतं, कारण पुढच्या वर्षी निवड असते. मग पी हळद आणि हो गोरी, सगळ्यात झटपट काय तर जेवण कमी.

आणि जोड्यांमधल्या मुलींबद्दल कुणी लिहिलं नाही. जोडीदार डोक्यावर उचलणार, म्हणून तिचं वजन त्याच्या, कोचच्या, सगळ्यांच्या तोंडी. मला वाटतं तिथली अवस्था एकटीने खेळणाऱ्या मुलींपेक्षा वाईट आहे.

शून्यप्रहर

आतली धार, तुमचा अनुभव मोलाचा आहे. तरी माझा मूळ प्रश्न शिल्लक राहतो. गुणपद्धत बालिश शरीराला बक्षीस देत असेल तर एखादी भली कोच काय करणार? तिच्या मुली हरतील. जपानच्या सकामोतोचं उदाहरण येईल म्हणून आधीच सांगतो. 2022 ते 2024 सलग तीन वेळा ती जगज्जेती झाली, क्वाडशिवाय, ट्रिपल अ‍ॅक्सलशिवाय. पण त्या तिन्ही वेळा युक्रेन युद्धामुळे रशियन मुलींवर बंदी होती.

रानजाई

हे मान्य. सकामोतो मला फार आवडते. तिची डबल अ‍ॅक्सल मी पुन्हापुन्हा पाहते, आधीचा वेग आणि नंतरचं सरकत जाणं, कितीतरी ट्रिपलपेक्षा देखणं. पण बंदीचा मुद्दा बाजूला सारता येत नाही. मात्र रशियातलंच एक नाव घ्या: तुक्तामिशेवा. 2015 ला ट्रिपल अ‍ॅक्सल मारून जगज्जेती, मग पडता काळ, 2018 चं ऑलिम्पिक हुकलं, आणि 2021 च्या जागतिक स्पर्धेत चोविसाव्या वर्षी रौप्य. त्याच क्वाडवाल्या मुलींच्या मध्ये उभी राहून, ट्रिपल अ‍ॅक्सल मारून. बाईचं शरीर घेऊन.

गुणपद्धतीबद्दल तुमचं बरोबर आहे, आणि मला राग येतो तो तिथेच. आपण कोचना नावं ठेवतो आणि नियम करणारे सुटतात. नियम बदलले की खेळ बदलतो, हे आपण पाहिलं आहे. 1990 नंतर बर्फावर आकृत्या कोरण्याची सक्तीची फेरी जागतिक स्पर्धेतून गेली. ती वर्षानुवर्षांच्या सरावाने यायची, म्हणजे थोड्या मोठ्या वयाच्या खेळाडूला तिथे जागा होती. ती गेली आणि उड्यांचं राज्य आलं. ऑलिम्पिक सुवर्ण 1994 ला सोळा वर्षांच्या बाइउलला, 1998 ला पंधरा वर्षांच्या लिपिन्स्कीला. 2018 ला पंधरा वर्षांच्या सुवर्णविजेत्या झागितोवाने मुख्य कार्यक्रमातल्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात ठेवल्या, कारण तिथे दहा टक्के जास्त गुण होते. त्याच वर्षी नियम बदलला: मुख्य कार्यक्रमात फक्त शेवटच्या तीन उड्यांना वाढीव गुण. काही महिन्यांत बदलता आला! म्हणजे मनात आलं की जमतं.

टिटवी

वयाचा नियमही बदलला ना? बीजिंगमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन वालिएवाचं उत्तेजक चाचणीचं जे प्रकरण झालं त्यानंतर.

रानजाई

हो. जून 2022 च्या अधिवेशनात, 100 विरुद्ध 16 मतांनी. मोठ्यांच्या गटासाठी किमान वय पंधरावरून आधी सोळा, मग 2024-25 च्या मोसमापासून सतरा.

अश्वत्थ

वयाच्या नियमाचं स्वागत, पण त्यावर विसंबून राहू नये. गुण तसेच ठेवून नुसतं वय वाढवलं तर धोका असा की जी मुलगी पंधरापर्यंत अर्धपोटी राहायची ती आता सतरापर्यंत राहील. हाडांच्या दृष्टीने ती दोन वर्षं फार महाग आहेत.

इतर खेळांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. स्की जंपिंगमध्ये हलका माणूस खरोखरच लांब जातो, तिथे तर हवा उचलते. तिथले खेळाडू भयानक बारीक व्हायला लागले तेव्हा 2004 पासून नियम आला: उंचीच्या मानाने वजन ठराविक मर्यादेखाली असेल तर स्की आखूड वापरायची. उपाशी राहण्याचा फायदाच काढून घेतला. क्लाइंबिंगमध्ये 2024 पासून राष्ट्रीय संघटनेने खेळाडूच्या आरोग्याची हमी दिल्याशिवाय आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरता येत नाही. यातला एकही उपाय पूर्ण नाही, उंची-वजनाचा नियम तर बराच ढोबळ आहे. स्केटिंगमध्ये मी तो आणणार नाही, कारण पुन्हा काटाच मध्यभागी येईल. पण वर्षातून एकदा क्लबबाहेरच्या डॉक्टरकडून तपासणी, त्यात पाळीचा इतिहास, लोह, ड जीवनसत्त्व, जुनी फ्रॅक्चर्स, आणि निकाल कोचच्या हातात न देता "खेळू शकते" किंवा "थांबावं" एवढंच कळवायचं, हे कुठल्याही संघटनेला उद्यापासून जमेल.

लंबक

यात माझी भर: गुणांमध्ये उंचीचं आणि उतरतानाच्या वेगाचं वजन वाढवलं पाहिजे. या दोन्ही गोष्टी मोजता येतात आणि दोन्ही स्नायूंवर येतात. जेमतेम उचलून भरभर फिरलेल्या उडीपेक्षा उंच, लांब उडीला जास्त मिळाले तर कोच मुलींना आपोआप जेवायला सांगतील.

आतली धार

लंबक, हे शंभर टक्के. आणि अमेरिकेच्या अलिसा लिउचं राहिलं. तेराव्या वर्षी ट्रिपल अ‍ॅक्सल मारून अमेरिकन विजेती, सोळाव्या वर्षी 2022 ला खेळ सोडला. दोन वर्षं बर्फापासून दूर. मग स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या अटींवर परतली आणि 2025 ला बॉस्टनमध्ये एकोणिसाव्या वर्षी जगज्जेती, सात ट्रिपल उड्या, एकही क्वाड नाही. मी माझ्या विद्यार्थिनींना तो कार्यक्रम दाखवला. एकीने विचारलं, "दोन वर्षं सुट्टी घेतली तर सगळं जात नाही?" मी तिला नीट पाहून सांग म्हटलं.

रानजाईंनी वर सुझुकीचं अर्धंच सांगितलं. ती परतली. 2010 आणि 2014 दोन्ही ऑलिम्पिकमध्ये आठवी. 2012 ला जागतिक कांस्य. डिसेंबर 2013 मध्ये अठ्ठाविसाव्या वर्षी जपानची विजेती, तीही कोणत्या जपानमध्ये, तर तीनदा जगज्जेत्या माओ असादाच्या! ग्रेसी गोल्डही 2020 च्या राष्ट्रीय स्पर्धेत परतली, बारावी आली, आणि लोक उभे राहिले होते.

तळ्याकाठी

हे शेवटचं मुलीला वाचून दाखवलं. सुझुकीचे व्हिडिओ शोधत बसली आहे.

आमची हकीकत अशी. पायाला लावलेला आधाराचा बूट निघाला, चालणं सुरू आहे. क्लब बदलला. नव्या ठिकाणी जाऊन मी आधी विचारलं, काटा कुठे ठेवता? त्या कोचना प्रश्नच कळला नाही. आहारतज्ज्ञ दर पंधरा दिवसांनी बोलतात, तिच्याशी एकटीशी. मला खोलीबाहेर बसवतात. सुरुवातीला ते लागलं मनाला, आता नाही. ती आमच्याबरोबर जेवते, हळूहळू, कधी रडत. पाळी अजून आलेली नाही.

अश्वत्थ, एक विचारू का? तिची हाडांची घनता मोजली, वयाच्या मानाने कमी निघाली. भरून येईल का? आणि पुन्हा कधी मोजायची?

अश्वत्थ

जरूर विचारा. या वयात भरून येण्याला वाव आहे, सगळंच येईल अशी हमी कुणी देऊ नये. खाणं आणि झोप नीट झाली की पाळी परत यायला काही महिने, कधी वर्षही लागतं. घाई करू नका. पाळी येण्याची वाट पाहत घनता रोज डोक्यात ठेवू नका, तिलाही ठेवू देऊ नका. पुन्हा मोजणी साधारण वर्षाने. त्याआधी फरक दिसत नाही, उगाच घोर लागतो. आणि शक्यतो त्याच मशिनवर करा, वेगवेगळ्या मशिनचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. बर्फावर परत कधी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. परतल्यावर पहिले काही आठवडे उड्या नकोत.

तळ्याकाठी

वर्षाने. लिहून ठेवलं. उड्या नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, धारा करीन मग.